जुन्या मोटरसायकलसाठी पुण्यातलं पेट्रोल : ई-२० आणि १०० ऑक्टेन, दोन्हींचं परीक्षण

पुण्यात आज कुठल्याही पंपावर गाडी लावून ‘टाकी फुल्ल’ म्हटलं की नळीतून येतं ते ई-२०. म्हणजे शंभर मिलीत जवळपास वीस मिली इथेनॉल. देशभर दहा टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ येईपर्यंत साधं पेट्रोल म्हणजेच ई-२० असं समीकरण झालं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय ठेवा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. तेव्हा हे पेट्रोल जाणार नाही, असं धरूनच जुनी गाडी सांभाळायची आहे.

जुनी गाडी म्हणजे इथे कास्ट आयर्न इंजिनची बुलेट, जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १००, आणि मोटरसायकल नसली तरी आकुर्डीची टू-स्ट्रोक चेतक. या गाड्यांचे रबर, धातू आणि जेट (कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या) ठरले तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतंच. इथेनॉलशी पुण्याचं वैर नाही. मद्यार्काचे कारखाने उभारणारी प्राज इथली, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथली, आणि ५ जून २०२१ ला शंभर टक्के इथेनॉल विकणारे देशातले प्रायोगिक तीन पंप सुरू झाले तेही पुण्यातच. उसाच्या पैशावर अर्धा जिल्हा उभा आहे. प्रश्न फक्त एवढाच, की पन्नास वर्षांच्या टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये हे पेट्रोल काय करतं.

निकाल आधीच सांगून टाकतो : रोज किंवा आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या जुन्या गाडीला ई-२० निभावतं, पण थोडं ट्यूनिंग आणि चार-पाच रबरी भाग बदलून. दोन-तीन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ते अजिबात चालत नाही. नुकसान धावताना कमी आणि उभं राहिल्यावर जास्त होतं. गॅरेजमध्ये ‘इथेनॉलने इंजिन खाल्लं’ म्हणून जे दाखवतात, त्यातलं बरंचसं उभ्या गाडीच्या फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीत, घडलेलं असतं.

चालत्या गाडीत काय होतं

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई-२० ला साधारण साडेतेरा पट. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला असलं काही कळत नाही. जेटला जेवढं भोक, तेवढंच पेट्रोल जाणार. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बरोबर लावलेली गाडी ई-२० वर सात-आठ टक्के लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. शिवाय लिटरमागे ऊर्जाही सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० वर जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल असं दिलं आहे. कार्बोरेटरची गाडी नीट जुळवली नाही तर घट त्याहून जास्त दिसते, कारण लीन इंजिन ओढत नाही आणि माणूस नकळत मूठ जास्त पिळतो.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. सकाळी चोक नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. चाळीस-पन्नासच्या संथ वेगात गाडी हलके झटके देते. मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट फुटते. इंजिन नेहमीपेक्षा तापतं. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा.

पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट फारसं कुणी हिशेबात धरत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथली हवा पाचेक टक्के विरळ, त्यामुळे समुद्रसपाटीला लावलेला कार्बोरेटर इथे आपोआप अडीच-तीन टक्के रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतो. ई-२० ने आणलेला लीनपणा शहरात काही अंशी असा झाकला जातो. तीच गाडी ताम्हिणी किंवा वरंध उतरून कोकणात गेली की ही सवलत संपते. सगळ्यात वाईट प्रसंग परतीचा : खालची दाट हवा, मागे माणूस, सामान, दुसऱ्या गिअरमध्ये लांबलचक चढ आणि पाठीमागून येणारा वारा. एअरकूल्ड टू-स्ट्रोक पकडतो, म्हणजे तापून पिस्टन अडकतो, तो इथेच. जुळवणी लक्ष्मी रोडवर तपासून भागणार नाही. कोकणात जाणारी गाडी असेल तर ती घाटाच्या पायथ्याच्या हिशेबाने थोडी रिचच ठेवा.

जेटिंगला हात लावण्याआधी कार्बोरेटर आणि हेडमधलं पॅकिंग हवा खात नाही ना, टॅपेट आणि टायमिंग बरोबर आहे ना, हे पाहून घ्या. नाहीतर एका दोषावर दुसऱ्याचं औषध होतं. मग क्रम असा. इंजिन पूर्ण गरम करून एअर स्क्रू लावा. मिककार्ब-मिकुनी व्हीएम प्रकारच्या आणि अमलच्या कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवेचा असतो : आत फिरवला की पेट्रोल वाढतं. आयडलिंग सर्वात स्थिर होईल ती जागा शोधा. पूर्ण आत बसवून तिथून एक फेराही बाहेर काढायची गरज पडत नसेल, तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) लहान पडतोय. एक नंबर मोठा घाला. अर्ध्या मुठीपर्यंतचे झटके मात्र नीडलने, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या निमुळत्या सुईने, जातात : क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर.

मेन जेटमध्ये (मूठ जास्त उघडल्यावर पेट्रोल देणारा) हमखास घोळ होतो, तो नंबरमुळे. अमलचा नंबर जेटमधून मिनिटाला किती मिली पेट्रोल वाहतं त्यावर असतो. तिथे आठ टक्के वाढ म्हणजे नंबरातही आठ टक्के, १८० चा १९०-१९५. ज्या जेटचा नंबर भोकाच्या व्यासावर असतो, तिथे आठ टक्के प्रवाहाला व्यास फक्त चार टक्के वाढवावा लागतो, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. ९० चा ९२.५ किंवा फार तर ९५. काउंटरवर ‘इथेनॉलसाठी’ म्हणून १०५-११० चा जेट हातात दिला तर घेऊ नका. त्याने गाडी धूर सोडेल, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जाईल आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा ९० वर याल. तपासायला नवा प्लग लावून कात्रजच्या चढावर पाऊण मुठीत गाडी ओढा, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग पाहा. फिकट बदामी रंग पुरे. ई-२० वर प्लग मुळातच फिकट दिसतो, तेव्हा जुन्या सवयीने गडद तपकिरी रंग शोधत बसू नका.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी महत्त्वाचं : जपायचं म्हणून पेट्रोलमधलं ऑइल वाढवणं उलटं पडतं. ऑइल वाढलं की तेवढ्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण आणखी लीन होतं. ऑइलचं प्रमाण कंपनीने दिलंय तेच ठेवा, जेट वाढवा.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक तक्रार येते. गाडी गरम असताना बंद केली, चहा पिऊन आलं, की किक घेत नाही. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मधल्या तापमानाला मिश्रणाची वाफ लवकर होते. हेडला चिकटलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून बाहेर जातं. कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर, पेट्रोल पाइप सिलिंडरपासून लांबून, आणि थांबायच्या दोनशे मीटर आधी टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद. एवढ्यावर बहुतेक गाड्या सुधारतात.

बदलायचे भाग

नाना पेठेत पेट्रोल पाइप मागितला की बहुतेक ठिकाणी पारदर्शक पीव्हीसीचा पाइप समोर येतो. तो स्वस्त आहे आणि दिसायला छान, पण ई-२० त्यातला मऊपणा शोषून घेतं. काही महिन्यांत तो पिवळा, काठीसारखा कडक होतो, आकसतो आणि कॉकच्या टोकावरून निसटतो. गरम इंजिनवर पेट्रोल सांडण्याचा हा सरळ धोका आहे. पाइप घ्यायचा तो आतून व्हायटॉनचं, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं, अस्तर असलेला. अंगावर ‘एसएई जे-३० आर-९’ असं छापलेलं असतं. ‘आर-६’ किंवा ‘आर-७’ जुन्या पेट्रोलचे, ते नकोत. आतला व्यास कॉकच्या टोकाप्रमाणे, बहुतेक गाड्यांना ६ मिमी. मीटरला दर जास्त पडतो, पण लागतो एक फूट.

कॉकमधलं बूच किंवा साधं रबर पहिल्यांदा फुगतं, मग दांडी फिरेनाशी होते. उभी ठेवून सुकली की तेच आकसून गळायला लागतं. तिथे व्हायटॉनची ओ-रिंग किंवा टेफ्लॉनची चकती बसवावी. फ्लोट बाऊलचं पॅकिंग आणि फ्लोट नीडलचं टोकही व्हायटॉनचंच. साधं नायट्राइल रबर ई-२० मध्ये फुगतं. बाऊल उघडला की ते खाचेत परत बसत नाही, हीच त्याची खूण. काळ्या ओ-रिंगला दुकानदार व्हायटॉन म्हणत असेल तर एक रिंग काचेच्या बाटलीत ई-२० मध्ये चार दिवस बुडवून ठेवा आणि नव्या रिंगेशी जुळवून पाहा. खरी असेल तर माप जवळपास तेच राहतं.

पितळी फ्लोट (बाऊलमधला पोकळ तरंगा) डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेला असतो आणि डागाच्या ओळीवर सुईएवढी छिद्रं पडतात. फ्लोट जड होतो, पेट्रोल वर चढतं, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. कढत पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं. डाग देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण काढलं पाहिजे, नाहीतर भडका उडेल.

ई-२० पहिल्यांदा घातल्यावर सुरुवातीच्या दोन-तीन टाक्या सगळ्यात त्रासाच्या. इथेनॉल चांगला सॉल्व्हंट आहे. टाकीच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटलेलं वार्निश आणि गंज सोडवून ते खाली आणतं. या काळात कॉकची जाळी आणि फिल्टर दर दोनशे किलोमीटरला साफ करा. टाकी आतून गंजलेली असेल तर आधीच उतरवून सायट्रिक ॲसिडने धुवा : लिटरभर गरम पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, रात्रभर भरून ठेवायचं, सकाळी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवायचं आणि हेअर ड्रायरने लगेच सुकवायचं. लगेच म्हणजे लगेच. तासभरही ओली ठेवली तर पुन्हा तांबूस थर येतो. वरून लेप द्यायचा असेल तर दोन डब्यांचा, इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेला इपॉक्सीच. स्वस्त पॉलिस्टर रेझिनचा लेप पापुद्र्यासारखा सुटतो आणि कॉकमध्ये अडकतो. याच कारणाने कॅफे रेसर करताना बसवलेल्या फायबरच्या टाकीत ई-२० घालूच नये. रेझिन हळूहळू विरघळतं आणि चिकट होऊन इंजिनात जातं.

बुलेटच्या टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा असतील तर पेट्रोल भरताना झाकणाभोवती कापड धरा. सांडलेलं ई-२० जुन्या रंगाला साध्या पेट्रोलपेक्षा लवकर मऊ करतं.

उभी गाडी

इथेनॉल पाणी ओढतं. १० लिटर ई-१० साधारण तापमानाला जेमतेम ५० मिली पाणी विरघळलेलं ठेवू शकतं. ई-२० त्याहून जास्त. इथे इथेनॉलच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी : चालत्या गाडीत थोडं पाणी गेलं तर ते विरघळून जळून जातं, जुन्या पेट्रोलसारखा थेंब जेटमध्ये अडकत नाही. पण मर्यादा ओलांडली, किंवा थंडीच्या रात्री तापमान उतरलं, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात आणि वर ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) उतरलेलं पेट्रोल राहतं. नुसत्या दमट हवेने एवढं पाणी जमायला महिने लागतात. पुण्यात पाणी येतं ते बहुधा टाकीच्या झाकणातून : वॉशर कडक झालेला, गाडी पावसात, किंवा वॉशिंग सेंटरमध्ये थेट झाकणावर मारलेला फवारा. झाकणाचा वॉशर बदलणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त इलाज आहे.

कॉक टाकीच्या तळातून ओढतो, म्हणजे नेमका तो खालचा थर. फोर-स्ट्रोक त्यावर बंद पडतो, एवढंच. जावा, येझदी, राजदूतसारख्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या गाडीत प्रकरण गंभीर आहे. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि इंजिनाला खालचा, ऑइल नसलेला थर मिळतो. त्यावर सुरू झालेलं इंजिन बेअरिंग आणि पिस्टन कोरडे फिरवतं. उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकला किक मारण्याआधी टाकीच्या तळातलं पेट्रोल बाटलीत काढून पाहिलंच पाहिजे.

फ्लोट बाऊलमध्ये याच्या आधीच नुकसान सुरू झालेलं असतं. मूठभर पेट्रोल उडून जातं, उरलेला पाणचट अंश जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला खातो. बाऊल उघडला की पांढरी पूड आणि पितळी जेटवर हिरवट थर दिसतो. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक; ते सर्वांत आधी बुजतं. ते तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. काढून कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत, तरी न सुटल्यास नवा जेट.

१०० ऑक्टेन : पैसे कशाचे

इंडियन ऑइलचं एक्सपी १०० हे १ डिसेंबर २०२० ला ज्या दहा शहरांत आलं, त्यांत पुणे होतं. दर साध्या पेट्रोलच्या साधारण दीडपट. ते इथेनॉल नसलेलं म्हणून ओळखलं जातं आणि जुन्या गाडीसाठी त्याची किंमत तेवढ्याच कारणाने आहे. जास्त ऑक्टेन लागतं ते जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला, आणि कास्ट आयर्न बुलेटचं कॉम्प्रेशन मुळातच कमी. तिला १०० ऑक्टेनने एक दाणाभरही ताकद मिळत नाही. पळायला हलकी वाटली तर ते इथेनॉल नसल्याने मिश्रण पुन्हा बरोबर झालं म्हणून. उलट, ई-२० साठी जेट वाढवलेल्या गाडीत हेच पेट्रोल रिच पडेल. दोन्ही आलटून-पालटून वापरायचं असेल तर मेन जेट मधल्या नंबरचा ठेवा. ९५ ऑक्टेनचं ब्रँडेड पेट्रोल महाग असलं तरी इथेनॉलपासून सुटका म्हणून त्यावर पैसे घालू नका. त्यातही ते असतं.

एक्सपी १०० मोजक्याच पंपांवर मिळतं आणि खप कमी, म्हणून जाण्याआधी फोन करून शेवटचा टँकर कधी आला ते विचारा. आणि मिळालेलं घरी तपासा. १०० मिलीची काचेची मोजनळी घ्या. २० मिली पाणी, त्यात शाईचे दोन थेंब. वर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. बूच लावून मिनिटभर हलवा, मधेमधे बूच सैल करून दाब सोडा आणि दहा मिनिटं ठेवा. रंगीत थर २० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो ३५ च्या आसपास चढतो. आगीपासून लांब, उघड्या गॅलरीत करा.

हे पाहून काही जण घरीच पाण्याने इथेनॉल धुऊन काढतात. करू नका. ऑक्टेन उतरतं, पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो, बेंझिनची वाफ छातीत जाते आणि इथेनॉलमिश्रित पाणी टाकायला जागा नसते.

बाटलीतल्या ॲडिटिव्हबद्दल थोडक्यात : गंजरोधक असलेलं चांगलं स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये घातलं तर बाऊलमधली झीज कमी होते. इथेनॉल काढून टाकणारं किंवा वेगळे झालेले थर पुन्हा जोडणारं काही नसतं. ‘पाणी शोषणारं’ ॲडिटिव्ह म्हणजे बहुधा आणखी एक अल्कोहोल. ई-२० मध्ये ते घालण्याला अर्थ नाही.

पावसाळ्याआधी गाडी ठेवताना

टाकी रिझर्व्हला आणा. उरलेलं ई-२० कॉकमधून काढून रोजच्या स्कूटरमध्ये घाला. दोन लिटर एक्सपी १०० घाला. टू-स्ट्रोक असेल तर नेहमीच्या प्रमाणात ऑइलसह. पाच किलोमीटर फिरवा, म्हणजे कार्बोरेटरपर्यंत तेच पोचेल. घरी येऊन कॉक बंद करा, इंजिन आपोआप थांबू द्या, मग बाऊलचा तळाचा स्क्रू काढून राहिलेलं थेंब-थेंब काढा. स्टीलची टाकी अर्धी ठेवू नका. एकतर काठोकाठ १०० ऑक्टेन, नाहीतर पूर्ण रिकामी करून ५० मिली टू-टी ऑइल आत घोळवून. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि चार महिन्यांना पुरतो. झाकणावर प्लॅस्टिक बांधा, पण गाडीवर अख्खं प्लॅस्टिक पांघरू नका. आत घाम धरतो.

दसऱ्याला हार घालण्याच्या आदल्या दिवशी, त्याच दिवशी नाही, टाकी भरून ठेवली असेल तर कॉकमधून पाव लिटर काचेच्या बाटलीत काढा आणि उजेडात धरा. एकच स्वच्छ थर दिसला तर बाऊलचा स्क्रू पुन्हा बसवून किक मारा. मधे रेघ दिसली तर सगळी टाकी रिकामी करा.